विहिणीच्या मांडीवर झोपलेली ओवी

...आणि झोपली! तुम्हाला सांगते बायांनो, माझ्या घरात, मी स्वतः शिवलेली गोधडी पांघरून, ती कार्टी विहिणीच्या मांडीवर झोपली! सकाळपासून मी तिला खांद्यावर टाकून आपल्या या टेमघरच्या गल्लीत फेऱ्या मारतेय, कावळा दाखवतेय, बकरी दाखवतेय, ट्रकवाल्यापुढे हात जोडतेय की बाबा, एकदा हॉर्न वाजव, पोर हसेल, तो बिचारा दोनदा वाजवतोय, आणि पोर काय करतेय? माझ्याच कानाशी भोंगा लावून रडतेय. तेवढ्यात ह्या आल्या. खारबावहून. रिक्षातून उतरल्या, पाय धुतले, भिंतीला टेकून बसल्या नि हात पसरले. झालं! माझ्या खांद्यावरून पोर अशी वाकली, अशी वाकली, की मी धरलं नसतं तर डोक्यावर पडली असती. गेली त्यांच्याकडे. अंगठा तोंडात. डोळे मिटले. संपलं. वर करिष्मा, माझी सून, मला म्हणते, "बघा आई, मम्मी आली नि कशी शांत झाली!"

मग मी काय भिंतीवरचं कॅलेंडर?

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर म्हणाल म्हातारी मधल्याच थांब्यावर गाडीत चढली. ओवी म्हणजे आमच्या हितेशची लेक. दुसऱ्या वर्षात आहे, चालते, पडते, पुन्हा चालते. नाव मी ठेवलेलं नाही. मी जानकी म्हणत होते, तर करिष्मा म्हणाली, "आई, जानकी जुनं वाटतं हो." जुनं वाटतं! माझं नाव सीता, माझ्या तोंडावर सांगते जानकी जुनं वाटतं! असो. करिष्मा तिकडे गोडाऊनच्या ऑफिसात कंप्युटरवर बसते, कुठला माल कुठल्या गाडीत भरायचा ते बघते. हुशार आहे. मी सुनेला नावं ठेवणारी बाई नाही. आणि ठेवली तर तोंडावर ठेवते, मागे ठेवत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

तर ओवीला ताप आला. म्हटलं येतो ताप पोरांना, दात येत असतील. डॉक्टरकडे नेली. अपूर्वा मॅडम म्हणून आहेत, एवढीशी बाई, माझ्या कोपराला लागते. तिनं पोरीची जीभ बघितली, पोट दाबलं, म्हणाली, "व्हायरल आहे, आजी. वेळ लागणार." म्हटलं, किती वेळ? "व्हायरल आहे, आजी." अगं पण किती? "आजी, व्हायरल आहे ना!" हे काय उत्तर झालं? भिवंडीचा रिक्षावालासुद्धा सांगतो, पुढे ट्रॅफिक आहे, बसायचं तर बसा!

आणि हा व्हायरल कसा असतो म्हणाल, तर एखादा पाहुणा नसतो का, निघतो निघतो म्हणत चपला घालतो नि उंबऱ्यावरून परत येऊन विचारतो, चहा टाकला का? तसा. ताप गेला, हुश्श केलं, तर तोंडात फोड. फोड बसले, तर खोकला. खोकला निवला, तर पुन्हा अंग कोमट. पोर नुसती काडी झाली हो! गाल गेले, ढोपरं तेवढी राहिली. खायचं नाही, प्यायचं नाही, औषध दिलं की फुर्रर्र करून माझ्या पदरावर. त्या औषधाचा रंग गुलाबी, माझी एकही साडी डागाशिवाय राहिली नाही.

मी काय काय केलं नाही! ओवा भाजून पुरचुंडीनं छाती शेकली. गवती चहाची वाफ दिली. मीठ-मिरच्या उतरवून दृष्ट काढली, मिरच्या जळताना असा ठसका उठला की आमचा म्हातारा बाहेर पळाला, पोर दुप्पट खोकली, नि करिष्मा माझ्याकडे अशी बघत राहिली की दृष्ट पुन्हा काढावी लागली असती. औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षराचा कागद असतो ना, घडी घडी घडी, तो मी पूर्ण वाचला. हो, वाचला! मी शाळेची पायरी चढलेली नाही, सुक्या मासळीच्या पुड्यांचे कागद उलगडून उलगडून अक्षरं शिकलेली बाई आहे मी. बोंबील खाऊन टाकायचा नि कागद ठेवून द्यायचा. त्यामुळे मला वाचायचं भय नाही. त्या कागदावर लिहिलेलं की या औषधानं झोप येईल. मी गेले मॅडमकडे. म्हटलं, झोप येईल असं लिहिलंय, पोर झोपत नाही, मग कागद खोटा की औषध खोटं? तर ती कानाला नळी लावून पोरीची छाती तपासत होती, म्हणाली, "आजी, जरा थांबा, मला ऐकू द्या." आता छातीत काय ऐकायचंय? खोकला तर आख्ख्या गल्लीला ऐकू येतोय!

आता मूळ दुखणं सांगते. पोरीचं नाही, माझं. एके दिवशी मी मागच्या पडवीत भांडी पालथी घालत होते, नि आत करिष्मा हितेशला सांगतेय, "माझी सुट्टी संपत आली. ओवीला मम्मीकडे खारबावला ठेवू या. तिथे मोकळं आहे. इथे पॉवरलूमची धूळ, ट्रकचा धूर, आणि... आईंना झेपत नाही रे."

झेपत नाही! मला! या हातांनी मी भाताचे भारे उचलले, दोन पोरं वाढवली, सासूचं शेवटपर्यंत केलं, वर भाडेकरूंच्या खोल्या सांभाळल्या, नि दोन मूठ वजनाची नात मला झेपत नाही? आणि हितेश काय म्हणाला माहितीय? माझ्या पोटचा हितेश? तो म्हणाला, "बघू."

बघू! अरे, बघू काय बघू? पोर घरातून निघाली तर मागे राहतं काय? मी नि म्हातारा! म्हाताऱ्याचं तोंड तर मी लग्नापासून बघतेय, त्यात आता बघण्यासारखं काही राहिलं नाही. घरात जीव आहे तो त्या पोरीमुळे. दुडुदुडु येते, माझ्या पदराचं टोक धरते, चुलीपासून दारापर्यंत मागे मागे. आणि ती खारबावला जाणार, तिथल्या अंगणात पळणार, तिथल्या कोंबड्यांच्या मागे लागणार, नि सणासुदीला इथे येऊन मला बघून आईच्या पाठीमागे लपणार! ही कोण म्हातारी? विचारणार! तुम्हीच सांगा, मग मी काय भिंतीवरचं कॅलेंडर? वर्ष संपलं की खिळ्यावरून काढायचं?

तेव्हाच ठरवलं. पोरीला मी बरी करणार, माझ्या हातानं, माझ्या मांडीवर. मग बघू कोण म्हणतं झेपत नाही. आणि नेमक्या तेव्हाच ह्या विहीणबाई हजर. करिष्मानं बोलावलेल्या. नाव पुतळाबाई. नाव ठेवणाऱ्याच्या तोंडात साखर पडो. बाई बसली की बसली. काही विचारा, "हूं." चहा घेणार? "हूं." व्याही बरे आहेत? "हूं." खाडीला कोलंबी लागतेय का यंदा? तर नुसती मान हलवली, आता हो म्हणाली की नाही म्हणाली ते मला अजून कळलेलं नाही. अशा बाईशी माणसानं भांडायचं तरी कसं? पाण्याला बुक्का मारल्यासारखं!

आणि पोर तिच्याकडे. पेज तिच्या हातची. वाटी माझी, तांदूळ माझा, चमचा ओवीच्या बारशाला मी आणलेला, पण तोंड उघडणार ती तिच्यापुढे. औषध तिच्या हातून, गुटुक! एक थेंब सांडला नाही. आणि त्या गुलाबी औषधाची वाटी खाली ठेवून बाई माझ्याकडे बघून हसली. म्हणजे, हसली नसेल, तिचं तोंडच तसं असेल, पण मला हसल्यासारखी दिसली. मला पुरे.

मग मी म्हटलं, यात काहीतरी आहे. बाई काहीतरी करतेय. मी नजर ठेवली. ती आंघोळीला गेली तशी पिशवी बघितली. त्यात दोन साड्या, एक कंगवा, खोबरेल तेलाची बाटली. तेल! म्हटलं हेच. वासानं पोर ओढली जातेय. मी ते तेल हाताला लावलं, मानेला लावलं, डोक्याला चोपडलं, नि गेले ओवीजवळ. म्हटलं, "ये गो माझी बाय, ये, हे बघ आज्जीनं काय लावलंय, वास घे, घे वास, कसा येतो छान छान, ये माझी सोन्याची, ये माझी मासोळी..." पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं नि किंचाळली. म्हातारा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "अगो, पोरीला बोलावतंस का लिलाव करतंस?"

मग मी बैठक बदलली. म्हटलं, जागेचा गुण असेल. त्या भिंतीला टेकतात, तिथेच टेकले. त्यांच्यासारखी मांडी घातली, डावा गुडघा जरा वर. त्यांच्यासारखीच पेज केली, मीठ कमी. पोरीला घेतलं नि सुरू केलं, "बघ हां, एक घास चिऊचा, एक घास काऊचा, चिऊ कुठे राहते माहितीय का? चिऊ राहते ना त्या लूमच्या पत्र्यावर, आणि काऊ आहे ना, तो मेला सगळ्यांचे बोंबील पळवतो, काल काय केलं त्यानं माहितीय?..." काऊचं काय झालं ते राहिलं, वाटी पालथी झाली. विहीणबाई समोर बसून लसूण सोलत होत्या. उठल्या, फडकं आणलं, पुसलं, नि पोरीला उचललं. पोर गप्प. तुम्हाला सांगते, मला त्या फडक्याचासुद्धा राग आला. माझंच फडकं होतं.

मॅडमकडे पुन्हा नेलं तेव्हा या सोबत आल्या. पोर कुणाच्या मांडीवर? विचारू नका. मॅडमनं कानात बॅटरी मारून बघितली, करिष्माला काहीतरी सांगायला लागली, आणि मी तेवढ्यात तिला विचारत होते की मॅडम, त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलंय थंड जागी ठेवा, मग आमच्या माठाजवळ ठेवलं तर चालेल का, की फ्रिजच हवा, कारण फ्रिजात म्हाताऱ्याच्या सुकटीचा वास असतो नि तो वास औषधाला लागला तर पोर आणखीच थुंकेल... मॅडम म्हणाली, "चालेल, आजी, सगळं चालेल." येताना रिक्षात करिष्मा म्हणाली, "आई, ऐका ना, मॅडम म्हणाल्या..." म्हटलं, मला माहितीय काय म्हणाली, व्हायरल आहे, वेळ लागणार, पाठ झालंय माझं! आणि रिक्षावाल्याला सांगायला लागले की बाबा, खड्डे बघून चालव, लहान पोर आहे. सांगायला नको?

आता मी काय केलं ते सांगते. हसू नका. आमच्यात रीत आहे, तुमच्यातही असेल. विहीण घरी आली की जाताना तिची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. आणि एकदा ओटी भरली की बाईनं पुन्हा बूड टेकायचं नाही, निघायचं. ओटी हे असं हत्यार आहे बघा, की समोरच्याचा मानही होतो आणि त्याला दारही दाखवता येतं. मी कपाटातला चांगला खण काढला. कंजुषी केली नाही हां, हिरवा, काठाचा. नारळ सोलला. दुपारी ओवी त्यांच्या मांडीवर झोपलेली, करिष्मा केस धुवायला गेलेली, आणि मी ताट घेऊन समोर. म्हटलं, "विहीणबाई, पदर पुढे करा. तुमचंही घर आहे, व्याही एकटे आहेत, कोंबड्या आहेत. आम्ही किती दिवस तुम्हाला अडकवून ठेवायचं? बरं दिसतं का ते?"

बाईनं माझ्याकडे बघितलं. नारळाकडे बघितलं. सगळं समजली. म्हणाली, "बरं." बस, एवढंच! आणि झोपलेल्या पोरीच्या डोक्याखालून मांडी काढून घेतली, अशी हलकेच, की पाण्याच्या हंड्याखालून चुंबळ काढावी नि थेंब हलू नये. उशी सरकवली. ओटी घेतली. निघाली. रिक्षात बसताना मला नमस्कार केला. भांडली असती तर काय बिघडलं असतं? मी तयारी करून ठेवली होती, सगळी फुकट गेली!

करिष्मा ओले केस घेऊन बाहेर आली. "मम्मी कुठे?" म्हटलं, गेल्या. "गेली? न सांगता?" म्हटलं, ओटी भरून गेल्या, मानानं गेल्या. ती काही बोलली नाही. न बोलणं हे तिच्या माहेरचं आहे. म्हातारा तेवढा पुटपुटला, "नारळ कुठला दिलास? माझा कोलंबीच्या कालवणाचा?" त्याचं दुःख वेगळं.

आणि ओवी उठली. उठून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी पुढे झाले. "उठलं गो माझं बाळ, बघ आज्जी आहे ना, आज्जी..." तर माझ्या बाजूनं वळसा घालून, भेलकांडत भेलकांडत, कुठे गेली असेल? त्या भिंतीपाशी! जिथे विहीण टेकायची तिथे. तिथे एकटी बसली. पाठ भिंतीला लावली, अंगठा तोंडात घातला, डोळ्यांतून पाणी. भिंतीला टेकली हो! माझ्याकडे नाही, भिंतीकडे! म्हटलं, मी कॅलेंडर असते तरी बरं होतं, त्या भिंतीवर तरी असते!

संध्याकाळी पुन्हा अंग तापलं. पेज नाही, पाणी नाही, औषध माझ्या पदरावर. खोकून खोकून उलटी. आणि करिष्मानं माळ्यावरून बॅग काढली. शांतपणे म्हणाली, "आई, मी उद्या ओवीला खारबावला नेते. तिथे ती खाते तरी. बरी झाली तरी मग तिथेच राहू दे. मी रविवारी जात जाईन." मी हितेशकडे बघितलं. या वेळेला त्यानं बघूसुद्धा म्हटलं नाही.

परत बोलवावं का विहिणीला? मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण ओटी भरून पाठवलेल्या बाईला लगेच फोन करायचा म्हणजे आपण हाकललं होतं हे आपणच दवंडी पिटून सांगणं. नाक नाही का माणसाला? त्यापेक्षा म्हटलं, सकाळी करिष्माला समोर बसवते नि असं भाषण देते, असं देते, की बॅग आपोआप माळ्यावर जाईल. सगळं जुळवून ठेवलं. सुरुवात कुठून, आवाज कुठे चढवायचा, डोळ्याला पदर कधी लावायचा.

सकाळी उठले. करिष्मा बॅगेत फ्रॉक भरतेय. मी समोर उभी राहिले, कमरेवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि...

फुस्स.

रिक्षाच्या टायरमधून हवा जाते ना, तसं. पुन्हा उघडलं. फुस्स. आवाजच नाही! घसा लाल, अंग मोडलेलं, कपाळ तव्यासारखं. व्हायरल! मला! पोरीचा मला लागला! आणि तुम्हाला सांगते, पहिला विचार काय आला माझ्या मनात? की लागला कुणाला? मला. विहिणीला लागला का? नाही. मग जवळ कोण होतं पोरीच्या? सिद्ध झालं की नाही? अहो, पण सांगायचं कसं? एवढा पुरावा अंगात, नि तोंडातून शब्द निघेना! टेकायला जागा बघितली तर तीच भिंत जवळ होती. बसले.

आणि ओवी आली. बॅगेतला आपलाच एक मोजा ओढत आली. माझ्यापुढे थांबली. मी बघतेय, ती बघतेय. मी काही म्हणाले नाही, म्हणणार कशानं? तिनं मोजा माझ्या पायावर ठेवला, मांडीवर चढली, एक कान माझ्या पोटाला लावला, दुसरा हातानं झाकला... आणि झोपली. माझ्या मांडीवर! माझ्या!

करिष्मा फ्रॉक हातात धरून उभी. हितेश दाढीचा साबण तोंडाला लावून उभा. म्हातारा पेपर खाली ठेवून बघतोय, तो पेपर मतमोजणीच्या दिवशीसुद्धा खाली ठेवत नाही. करिष्मा हळूच जवळ बसली. म्हणाली, "आई, मॅडम म्हणाल्या होत्या, व्हायरल कानात उतरलाय. कान ठणकतोय तिचा. मोठा आवाज सहन होत नाही."

मी हातानं विचारलं, कधी म्हणाल्या?

"तुम्ही सुकटीच्या वासाचं विचारत होता ना, तेव्हा."

मी पुन्हा हात केला, मग मला का नाही सांगितलंस?

"सांगत होते, आई. रिक्षात सांगत होते. घरी सांगत होते. रोजच..."

म्हातारा म्हणाला, "तू थांबशील तवा सांगल ना गो ती!"

माझा असा संताप झाला! मी खिडकीकडे बोट दाखवलं. पलीकडे लूम चालू होते, खटाखट खटाखट, दिवसभर चालतात, पोर जन्मल्यापासून त्या आवाजात झोपते. ते चालतं, आणि माझाच आवाज खुपतो? म्हातारा काय म्हणाला? म्हणाला, "लूमला शुक्रवारची सुट्टी तरी असते."

बोलता आलं असतं ना, तर त्याला त्या दिवशी मी सोडला नसता. आणि माझा आवाज मोठा आहे, आहे! मी काय बंगल्यात वाढले? या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची असायची, वारा उलटा, खाडीचा. पुढे दाराशी लूम आले, त्यांच्यावर चढून बोलावं लागलं. घसा तसा घडला. तो काय पोराच्या कानाला लावायला घडला होता? मला काय ठाऊक कान दुखतोय! बिचारी माझी मासोळी, सांगता येत नाही, म्हणून हातानं तोंड झाकत होती, कान झाकत होती, नि मी तिला आणखी जवळ जाऊन, आणखी मोठ्यानं...

जाऊ दे. करिष्मा उठली. बॅगेतून फ्रॉक काढले, एकेक करून परत कपाटात ठेवले. आयुष्यात एवढी मोठी लढाई जिंकले आणि सांगायला आवाज नाही, याच्यासारखा भोग नाही हो दुसरा! शेवटी राहवेना. मी हितेशला खूण केली, विहिणीला व्हिडिओ लाव. लावला. समोर पुतळाबाई. मी काही न बोलता फोन खाली वाकवून मांडी दाखवली. बघा! त्यांनी बघितलं. मी परत माझं तोंड दाखवलं. त्या बघतायत, मी बघतेय. दोन म्हाताऱ्या, एकमेकींच्या तोंडाकडे, चिडीचूप. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं नि हसल्या. या वेळेला खरंच हसल्या. मग तोंड वळवलं आणि शिंकल्या, एकदा, दोनदा, नाक लाल, डोळ्यांत पाणी. म्हणजे यांनाही लागला! बघा, माझा एवढा एक पुरावा होता, तोही बाईनं ठेवला नाही!

तर आता असं आहे. ओवी इथेच आहे. करिष्मा ड्युटीवर जायला लागली. ताप गेलाय, गाल जरा भरतायत, पेज माझ्या हातची जाते, औषध माझ्या हातचं जातं, गुटुक. पदर पकडून मागे मागे फिरते. माझा घसा सुटला, पण तिचा कान अजून दुखरा आहे. मॅडमला विचारलं, किती दिवस? माहितीय काय म्हणाली? तेच. त्यामुळे घरात मी गप्प. सकाळपासून करिष्मा येईपर्यंत हूं नि हूं. चिऊ नाही, काऊ नाही. भाजीवाल्याशी भाव हातानं करते, तो मला मुकी समजून कोथिंबीर फुकट देतो. म्हातारा तर असा खुलला आहे की लग्नात एवढा खुलला नव्हता. पोटात नुसतं साचतंय हो! शेजारणीची सून भांडून गेली, त्यावर बोलायचंय. वरच्या भाडेकरूनं दोन कुत्री आणलीत, त्यावर बोलायचंय. दुपारी ओवी झोपली की म्हाताऱ्याला राखणीला बसवते नि इथे देवळाच्या पायरीवर तुमच्याकडे येते, पण तो मेला घटकाभरात पेंगतो, की मला परत पळावं लागतं. सांगता सांगता अर्धं राहतं.

म्हणून काल मी खारबावला गेले. स्वतः. हळदकुंकवाची डबी घेऊन. विहिणीला रीतसर आमंत्रण दिलं, म्हटलं, "चला, नात वाट बघतेय, चांगले महिनाभर राहा, ओटीचं नावसुद्धा काढणार नाही." त्या म्हणाल्या, "हूं." आल्या. आता घरी बसल्यायत, त्याच भिंतीला टेकून. ओवी त्यांच्या मांडीवर झोपली असेल, आणि मी इथे ऐसपैस बसलेय. नका बघू अशा. जीव ओवाळून टाकते मी त्या पोरीवरून, तुम्हाला माहितीय. पण बायांनो, गप्प बसून माणसानं प्रेम तरी किती करायचं?